नंबरप्लेटचे ५३१ रुपये कोणी ठरवले? नियम दिल्लीचा, दर मुंबईचा, खिसा वाशिमकराचा

वाशिम जिल्ह्यातल्या गाड्यांचा क्रमांक ‘एमएच ३७’ ने सुरू होतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेली ‘एमएच ३७’ ची दुचाकी असेल, तर तिला हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, म्हणजे एचएसआरपी बसवणं बंधनकारक आहे. दुचाकीसाठी दर ४५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५३१ रुपये. ट्रॅक्टरलाही तेवढाच दर. तीनचाकीसाठी ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. चारचाकी आणि इतर वाहनांसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास ८८० रुपये.

एका घराच्या हिशेबाने बघितलं तर रक्कम फार मोठी वाटत नाही. पण दर एक लाख दुचाकींमागे हा आकडा ५ कोटी ३१ लाख रुपयांवर जातो आणि महाराष्ट्रात अशा जुन्या गाड्यांची संख्या कोटींच्या घरात आहे.

आता प्रश्न असा की, लोकांच्या खिशातून एवढी मोठी रक्कम जाणार हे कोणत्या सभागृहात ठरलं? संसदेत मतदान झालं का? विधानसभेत विधेयक आलं का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. आणि यात बेकायदा काहीही नाही. आपल्याकडचे बहुतेक खर्चिक नियम असेच तयार होतात. ते कसे होतात, त्यांच्यावर लोकप्रतिनिधींची नजर असते का आणि ती कुठे कमी पडते, हे नंबरप्लेटच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

कायदा वेगळा, नियम वेगळा

संसद किंवा विधिमंडळ कायदा करतं तेव्हा त्यात मुख्य चौकट असते. बारीकसारीक तपशील भरण्याचा अधिकार त्याच कायद्यातून सरकारला दिला जातो. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, शुल्क किती, पाटीचा आकार काय, हे सगळं सरकार नियमांतून ठरवतं. या नियमांना दुय्यम कायदे म्हणतात.

वाहनांच्या बाबतीत मुख्य कायदा आहे मोटार वाहन कायदा, १९८८. तो संसदेने केला. त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ हे केंद्र सरकारने केले. नंबरप्लेट कशी असावी हे या नियमांपैकी नियम ५० मध्ये आहे.

ही व्यवस्था गरजेची आहे, यात शंका नाही. पाटीवरच्या होलोग्रामचा आकार ठरवायला संसदेचं अधिवेशन बोलावणं कोणालाच परवडणार नाही. पण तपशील भरण्याच्या याच अधिकारातून लोकांवर मोठा खर्चही येऊ शकतो. म्हणून नियम बनवणाऱ्यावर कायदा बनवणाऱ्याने लक्ष ठेवायचं, अशी सोय कायद्यातच केलेली असते.

लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम २१२ याबद्दल आहे. त्यानुसार तीन गोष्टी होतात.

पहिली, नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती, सूचना मागवाव्या लागतात.

दुसरी, अंतिम नियम राजपत्रात छापला जातो. वेगळी तारीख दिली नसेल, तर त्याच दिवसापासून तो लागू होतो.

तिसरी, नियम सभागृहाच्या पटलावर ठेवावा लागतो. केंद्राचा नियम असेल तर तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशनकाळातले एकूण ३० दिवस राहतो. या काळात दोन्ही सभागृहांचं एकमत झालं, तर नियमात बदल करता येतो किंवा तो रद्द करता येतो. मात्र तोपर्यंत त्या नियमाखाली जे काही झालं असेल ते वैधच राहतं. म्हणजे नियम पुढे रद्द झाला, तरी आधी भरलेले पैसे त्या कारणाने आपोआप परत मिळत नाहीत.

राज्य सरकारने केलेल्या नियमांसाठी याच कलमात एवढंच म्हटलंय की, ते शक्य तितक्या लवकर राज्य विधिमंडळापुढे ठेवावेत. ३० दिवस, बदल किंवा रद्द करणं यांचा उल्लेख तिथे नाही. विजेच्या बाबतीतही असंच आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग जे विनियम करतो, ते वीज कायदा, २००३ च्या कलम १८२ प्रमाणे विधिमंडळापुढे ठेवायचे असतात. पण त्या कलमातही सभागृहाने त्यांचं पुढे काय करायचं, हे सांगितलेलं नाही.

यातला महत्त्वाचा मुद्दा म्हणजे सभागृह गप्प बसलं तर नियम चालूच राहतो. नियम लागू होण्यासाठी कोणाच्याही ‘हो’ची गरज नाही, तो थांबवायचा असेल तरच ‘नाही’ म्हणावं लागतं.

समजा, नियम पटलावर ठेवलाच नाही तर? १९७९ मध्ये ॲटलस सायकल इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, आदेश संसदेपुढे नुसता ठेवण्याची ती तरतूद निर्देशात्मक आहे, ती पाळली नाही म्हणून आदेश आपोआप अवैध ठरत नाही.

समिती असते, पण ती काय तपासते?

एवढे नियम सभागृहात बसून वाचणं शक्य नसतं. म्हणून समिती नेमली जाते. लोकसभेत अशी समिती पहिल्यांदा १ डिसेंबर १९५३ रोजी स्थापन झाली. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. या समितीत १५ सदस्य असतात आणि मंत्र्याला तिचं सदस्य होता येत नाही. ज्यांनी नियम केले त्यांनीच ते तपासू नयेत, हा त्यामागचा साधा हेतू. राज्यसभेची अशीच समिती १९६४ पासून आहे. महाराष्ट्र विधिमंडळात हे काम उपविधान समितीकडे आहे.

लोकसभेच्या कामकाज नियमांत समितीने काय तपासायचं याची यादीच दिलेली आहे. नियम मूळ कायद्याच्या हेतूला धरून आहे का? जी गोष्ट कायद्यात असायला हवी होती ती नियमात तर घातलेली नाही ना? नियमातून कर लावला जातोय का? न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केलाय का? कायद्याने अधिकार दिलेला नसताना मागच्या तारखेपासून नियम लागू केलाय का? सरकारी तिजोरीवर खर्च पडतोय का? प्रसिद्ध करायला किंवा पटलावर ठेवायला उशीर झालाय का?

यादी चांगली आहे. पण ती नीट वाचली की एक गोष्ट जाणवते. सरकारच्या तिजोरीवर किती भार पडेल, हा प्रश्न यादीत आहे. नागरिकाच्या खिशावर किती पडेल, हा स्वतंत्र प्रश्न म्हणून नाही. नियमाचा अनपेक्षित वापर झाला असं वाटलं तर समिती त्यात शिरू शकते. पण ‘या नियमामुळे सगळ्या लोकांचा मिळून एवढा खर्च होणार आहे, तो योग्य आहे का,’ असं विचारण्याचं बंधन तिच्यावर नाही.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायदापूर्व सल्लामसलतीचं धोरण आणलं. मसुदा किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवावा, त्याचे आर्थिक परिणाम आणि लोकांच्या जगण्यावर, उपजीविकेवर होणारा परिणाम सांगावा, असं त्यात म्हटलंय. दुय्यम कायदेही त्यात येतात. पण ते धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे ते पाळलं गेलं नाही म्हणून नियम रद्द होत नाही.

आता नंबरप्लेटकडे परत येऊ

एचएसआरपीची गोष्ट २०२४ मध्ये सुरू झाली असं अनेकांना वाटतं. पण तिची सुरुवात २००१ ची आहे. त्या वर्षी केंद्र सरकारने नियम ५० मध्ये बदल करून या पाट्या आणल्या. क्रोमियमचा होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक, निळ्या रंगातलं ‘आयएनडी’ आणि एकदा काढलं की पुन्हा न बसणारं स्नॅप लॉक. वाहनचोरी आणि बनावट नंबरप्लेटला आळा घालणं हा उद्देश होता. जुन्या गाड्यांनाही या पाट्या बसवायच्या, हे तेव्हाच ठरलं होतं.

पाट्यांचं काम देण्यासाठी राज्यांनी काढलेल्या निविदा आणि त्यातल्या अटींना आव्हान दिलं गेलं. नोव्हेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. तरीही अनेक राज्यांत काम रखडलं आणि २०११-१२ मध्ये न्यायालयाने दिरंगाईबद्दल राज्यांना फटकारलं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढली. त्यामुळे १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ही पाटी कंपनीकडूनच मिळू लागली. राहिल्या त्या जुन्या गाड्या.

महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांसाठी कार्यपद्धती जाहीर केली. राज्याचे तीन भाग करून तीन कंपन्यांना काम दिलं. पहिली मुदत होती ३१ मार्च २०२५. पुढे ती जून, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी सरकत गेली.

दर जाहीर होताच वाद सुरू झाला. इतर राज्यांपेक्षा महाराष्ट्रात पाटी महाग का, असा सवाल विरोधकांनी केला. दर निविदा प्रक्रियेतून ठरले आहेत आणि काही राज्यांच्या दरांत पाटी बसवण्याचा खर्च धरलेला नाही, त्यामुळे ती तुलना बरोबर नाही, असं सरकारचं म्हणणं होतं.

दर योग्य की अयोग्य, यावर मतं वेगळी असू शकतात. पण देखरेखीच्या दृष्टीने पाहिलं तर इथे तीन फटी दिसतात.

फट पहिली : वेळेची. नियम २००१ चा. त्यावर आक्षेप घेण्याचे संसदेतले ३० दिवस त्याच काळातले. वाशिमच्या गाडीमालकाला त्याचा खर्च जाणवला तो २०२५ मध्ये. म्हणजे नियमाची झळ बसेपर्यंत तो सहज बदलण्याची मुदत संपून दोन दशकं उलटली होती.

फट दुसरी : दराची. पाटी लावा, हे नियमात आहे. पण ती कितीला, हे नियमात नाही. दर राज्याच्या निविदेतून आणि करारातून ठरला. तो नियम नसल्यामुळे पटलावर ठेवायच्या कागदांत येत नाही आणि पटलावर आलेले नियम तपासणाऱ्या समितीपुढेही आपसूक जात नाही. दिल्लीत फक्त नियम दिसतो, किंमत दिसत नाही. मुंबईत किंमत ठरते, पण ती नियम म्हणून विधिमंडळापुढे येत नाही.

फट तिसरी : पैशाच्या वाटेची. गाडीमालक हे पैसे पाटी बसवणाऱ्या कंपनीला देतो. राज्याच्या तिजोरीतून त्यासाठी खर्च होत नाही. त्यामुळे अर्थसंकल्पात विभागाच्या मागण्यांवर चर्चा होते, तेव्हा हा आकडा खर्च म्हणून दिसत नाही. लोकांच्या दृष्टीने हा खर्च खरा आहे, पण सरकारच्या वहीत तो नाही.

हे फक्त नंबरप्लेटपुरतं आहे का?

नाही. जुन्या दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनंतर पुन्हा करावी लागते. त्याचं शुल्क पूर्वी ३०० रुपये होतं. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने ते १ एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झालं. कारसाठी ६०० रुपयांचे ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळा दर आला. दुचाकीला २,००० आणि कारला १०,००० रुपये. जुन्या गाड्या रस्त्यावरून कमी व्हाव्यात हा त्यामागचा उद्देश आहे. पण नवी गाडी घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्याकडेच जुनी गाडी असते. सोयाबीनच्या भावावर घरखर्च ठरणाऱ्या आणि निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या वाशिमसारख्या जिल्ह्यात हा फरक जास्त जाणवतो. हे दर बदलायलाही नवा कायदा लागला नाही, अधिसूचना पुरली.

दुसरं उदाहरण रिक्षा, टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांचं. डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेत योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्क ठेवलं गेलं. २०० दिवस उशीर झाला तर १०,००० रुपये. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ही वसुली सुरू झाली आणि रिक्षाचालकांनी आंदोलनं केली. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात हा मुद्दा आला आणि सरकारने या वसुलीला स्थगिती दिल्याचं सभागृहात जाहीर केलं.

हे उदाहरण महत्त्वाचं आहे. नियम पटलावर ठेवण्याची औपचारिक वाट इथे उपयोगी पडली नाही. काम झालं ते सभागृहातल्या प्रश्नामुळे आणि रस्त्यावरच्या दबावामुळे. पण तोपर्यंत नियम होऊन सात वर्षांहून अधिक काळ गेला होता.

इतर देशांत काय करतात?

ब्रिटनमध्ये काही नियम असे असतात की, संसदेने स्पष्ट मंजुरी दिल्याशिवाय ते लागू होत नाहीत किंवा टिकत नाहीत. बाकीचे नियम, ठरलेल्या मुदतीत संसदेने नाकारले नाहीत, तर चालू राहतात. कोणता नियम कोणत्या वाटेने जाईल, हे मूळ कायद्यातच लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी खर्चाचा आकडाच मधे घातला. फ्लोरिडात २०१० मध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून कायदा झाला. एखाद्या नियमामुळे पाच वर्षांत १० लाख डॉलरहून अधिक आर्थिक भार पडणार असेल, तर विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तो लागू होत नाही. विस्कॉन्सिनने २०१७ मध्ये दोन वर्षांत १ कोटी डॉलर ही मर्यादा ठेवली.

याची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळात फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि उकाड्याने अनेक वृद्धांचा जीव गेला. त्यानंतर वृद्धाश्रमांना जनरेटर सक्तीचे करणारा नियम आला. खर्च मर्यादेपलीकडे होता, म्हणून तो विधिमंडळापुढे न्यावा लागला आणि मार्च २०१८ मध्ये मंजूर झाला. म्हणजे खर्चिक असलेला प्रत्येक नियम वाईट नसतो. काही नियम जीव वाचवतात आणि त्यांना उशीर होणं धोक्याचं असतं. आमदार, खासदार काही प्रत्येक तांत्रिक विषयाचे जाणकारही नसतात. त्यामुळे ‘सगळं सभागृहात आणा’ हे सोपं वाटणारं उत्तरही पूर्ण उत्तर नाही.

मग नागरिकाने कोणाकडे जायचं?

यासाठी आधी एक गोष्ट ओळखावी लागते. खर्च नेमका कुठून आला? केंद्राच्या नियमातून, राज्याच्या नियमातून की करारातून?

केंद्राचा नियम असेल तर खासदाराकडे. वाशिम जिल्ह्याला यासाठी दोन खासदार आहेत. वाशिम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशिम लोकसभेत येतात, तर रिसोड अकोला लोकसभेत. नियम पटलावर असताना बदल सुचवणं, प्रश्न विचारणं हे खासदारांच्या हातात असतं.

राज्याचा नियम, दर किंवा करार असेल तर आमदाराकडे. जिल्ह्यात तीन आमदार आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही त्यांची साधनं. ‘महाग का?’ यापेक्षा ‘हा दर कोणत्या आधारावर ठरला आणि राज्यातल्या एकूण गाडीमालकांवर मिळून किती भार येईल?’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं, तर ते पाळलं का हे तपासायला आश्वासन समिती असते. नागरिकाचं थेट गाऱ्हाणं विनंती अर्ज समितीपर्यंत नेता येतं.

मसुदा प्रसिद्ध झाला असेल तर स्वतःच. हरकत नोंदवायला वकील लागत नाही. मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर मुदतीत लिहून पाठवता येतं. नियम बदलण्याची सगळ्यात स्वस्त संधी हीच असते आणि सगळ्यात जास्त वाया जाणारीही हीच.

कागद हवे असतील तर माहिती अधिकार. १० रुपये शुल्क भरून निविदेची कागदपत्रं आणि दर मंजूर करताना झालेल्या नोंदी मागता येतात. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. व्यापारी गोपनीयतेच्या नावाखाली काही माहिती नाकारली गेली, तर अपील करता येतं.

नियम कायद्याच्या बाहेर गेला असेल तर न्यायालय. मात्र न्यायालय मुख्यतः अधिकार होता का आणि मनमानी झाली का, हे बघतं. ‘दर थोडा कमी असता तर बरं झालं असतं’ हा सहसा न्यायालयाचा प्रश्न नसतो, तो सभागृहाचा प्रश्न असतो.

कळीचा मुद्दा

एचएसआरपीमुळे गाड्या सुरक्षित होतील का, ५३१ रुपये जास्त आहेत का, यावर वाद होत राहील. पण त्याआधीचा प्रश्न जास्त साधा आहे. कोट्यवधी लोकांना सक्तीने जो खर्च करावा लागतो, त्याचा एकूण आकडा निर्णयाआधी कोणत्या तरी सभागृहापुढे यायला नको का?

त्यासाठी प्रत्येक नियमावर मतदान घेण्याची गरज नाही. मसुद्यासोबत ‘नागरिकांवरचा अंदाजे एकूण खर्च’ ही एक ओळ सक्तीची करता येईल. तो आकडा एका मर्यादेपलीकडे गेला, तर उपविधान समितीने तो पाहिलाच पाहिजे, असं ठरवता येईल. आणि नियमाने सक्ती केलेल्या वस्तूचा दर करारातून ठरणार असेल, तर तो दरही नियमासोबत पटलावर ठेवता येईल. यातलं काहीही करायला घटनादुरुस्ती लागत नाही. कायद्यातली एखादी दुरुस्ती आणि सभागृहाच्या कामकाज नियमांतला छोटा बदल पुरेसा आहे.

तोवर व्यवस्था आहे तशी आहे. नियम राजपत्रात छापला जातो, पटलावर ठेवला जातो, आणि त्यावर कोणी काही बोललं नाही तर ती संमती धरली जाते. पुढच्या वेळी एखादा नवा नियम, नवं शुल्क, नवी पाटी आली की दर बघण्याआधी तारीख बघा. हरकतींची मुदत अजून संपलेली नसेल, तर तुमचं म्हणणं ऐकून घेण्याचं बंधन सरकारवर अजूनही आहे.